न वितळता सुटलेलं मेण

ग्राहकाच्या मेलमध्ये आमच्या चोकचे, म्हणजे मेणात बुडवलेल्या तारेच्या कॉइलचे, फोटो होते. खोक्याच्या पुठ्ठ्यावर तेलकट डाग, चोकवरची लेबलं घसरून वाकडी झालेली आणि एका नगावर वाइंडिंगच्या कडेने खाली आलेला मेणाचा ओघळ. खाली एका ओळीचा शेरा: मेण वितळतंय. आमच्याकडे मेणाचं सर्टिफिकेट होतं आणि त्यावर मेल्टिंग पॉइंट ६० ते ६२ अंश. माल मे महिन्यात नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतून निघाला होता, वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोडाऊनमध्ये पडून राहिला होता आणि मग पुण्याला गेला होता. पुढच्या खेपेला मी खोक्यातच टेंपरेचर लॉगर टाकून दिला. सगळ्यात वरचा आकडा निघाला ५१. म्हणजे मेण वितळलं नव्हतं. आणि तरीही ते जागेवर राहिलं नव्हतं.

कारखाना छोटा आहे, क्वालिटी म्हणजे मीच. त्यामुळे हे माझ्याच टेबलावर आलं.

आम्ही फेराइट (चुंबकीय सिरॅमिक) कोअरचे चोक आणि लहान ट्रान्सफॉर्मर बनवतो. बॉबिनवर इनॅमल वायर (इनॅमलचा पातळ थर दिलेली तांब्याची तार) गुंडाळायची, कोअर बसवायचा आणि तयार कॉइल गरम मेणात बुडवून काढायची. बाहेरच्याला वाटतं की हे वरवरचं लेपन आहे. खरं तर मेण आत शिरून वेढे जागच्या जागी धरून ठेवतं, म्हणून कॉइल गुणगुणत नाही. हवेची जागा भरतं, म्हणून पावसाळ्यात ओल आत जायला वेळ लागतो. विजेच्या बाबतीतही ते फार गरीब स्वभावाचं. पॅराफिनचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट २.२ च्या आसपास, तर इपॉक्सीचा साधारण ३.५ ते ४. हा आकडा जितका लहान, तितकी कॉइलची स्वतःची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायचा गुण) कमी वाढते, आणि जास्त फ्रिक्वेन्सीवर त्याचा फरक पडतो. फेराइटला दाब सोसत नाही. कडक रेझिन आकसलं की कोअर आवळला जातो आणि इंडक्टन्स, म्हणजे ज्यासाठी कॉइल बनवतो तो गुणच, बदलते. मेणाने तसं सहसा होत नाही. व्हार्निशच्या थिनरमुळे ताणलेल्या वायरच्या इनॅमलला बारीक तडे जायची भीती असते, तीही नाही. त्यामुळे "व्हार्निश करून टाका" हा सल्ला मला जितक्या जणांनी दिला, त्या सगळ्यांना मी मान डोलावून सोडून दिलं. गरम चालणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला व्हार्निश आम्हीही लावतो. या चोकना मेणच हवं होतं, फक्त नागपुरात टिकणारं.

आधी सर्टिफिकेट खरं आहे का ते पाहिलं. थर्मामीटरच्या फुग्यावर मेणाचा थर चढवायचा, तो टेस्ट ट्यूबमध्ये उभा धरायचा, बाहेरून पाणी हळूहळू तापवायचं आणि पहिला थेंब कधी पडतो ते बघायचं. ड्रॉप मेल्टिंग पॉइंट तो हाच. आमच्याकडे मेणाच्या भांड्यावर वासूभाऊ असतात, वयाने माझ्या वडिलांएवढे. त्यांनी ट्यूब धरली, मी आकडा वाचला. ६१. सर्टिफिकेट खरं बोलत होतं.

"मंग कायले इतकं डोकं लावून राहिल्या ताई," वासूभाऊ म्हणाले, "मेण बरोबरच हाय. ऊनच खराब हाय."

ऊन खराब आहे यात वाद नाही. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते. मे २०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्राने तर चक्क ५६ दाखवले. हवामान खात्याने नंतर तो सेन्सरचा दोष असल्याचं सांगितलं, पण तोपर्यंत तो आकडा साऱ्या शहराच्या मोबाइलवर फिरून आला होता. आमच्या मालकांनी तोच धरून "छप्पन्नला टेस्ट करा" असं फर्मान काढलं. मी हसले खरी, पण आमच्या पत्र्याच्या शेडखाली, वरच्या रॅकवर, दुपारी तीनला ५३ मी स्वतः वाचले आहेत. तेव्हा फर्मान चुकीच्या बातमीवरून निघालं असलं तरी आकडा काही वावगा नव्हता.

सर्टिफिकेटवर दुसरा एक आकडा होता, ज्याच्याकडे आमच्यात कोणी बघत नव्हतं: पेनिट्रेशन, १४. ठरावीक सुई, १०० ग्रॅम वजन, ५ सेकंद, आणि सुई मेणात किती घुसली ते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शांत. डांबर तपासतात त्याच तत्त्वाची ही टेस्ट, म्हणून ओळखीतल्या एका मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये यंत्र मिळालं. त्या आकड्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, २५ अंशांवर. नागपुरात मे महिन्यात २५ अंश फक्त एसीच्या खोलीत असतात. रात्रीसुद्धा पारा बरेचदा त्याच्या वरच राहतो. म्हणून मी नमुना पाण्यात ४५ ला ठेवून तीच टेस्ट केली. सुई शंभरीच्या पुढे गेली. २५ ला नखाने ओरखडा काढायला जोर लागणारं मेण ४५ ला लोण्याच्या वाटेवर होतं, आणि मेल्टिंग पॉइंट अजून सोळा अंश लांब.

याचं कारण मला आधी पुस्तकातून आणि मग एलआयटीतून (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) ऑइल टेक्नॉलॉजी केलेल्या मैत्रिणीकडून नीट समजलं. नागपूरची ही १९४२ साली सुरू झालेली संस्था तेल आणि चरबीचं रसायनशास्त्र शिकवते, तेव्हा मेणाचा प्रश्न गावाबाहेर न्यायची गरज नव्हती. पॅराफिन म्हणजे कार्बनच्या लांब सरळ साखळ्या, काडेपेटीतल्या काड्यांसारख्या शेजारी शेजारी रचलेल्या. वितळायच्या बऱ्याच आधी, दहा-वीस अंश खालीच, या साखळ्या आपापल्या अक्षाभोवती हलायला लागतात. रचना बदलते, जागा जास्त लागते, एक थर दुसऱ्यावरून सरकू शकतो. बाहेरून मेण घनच दिसतं. पण त्यावर वजन ठेवा, कॉइल उभी ठेवा, ट्रकमध्ये हादरे द्या, ते हळूहळू वाहतं. ओघळ आला तो असा.

तेलकट डागाचं कारण मात्र वेगळं. पॅराफिन कच्च्या तेलातूनच येतं आणि त्यातलं तेल किती काढलं यावर त्याची प्रत ठरते. पूर्ण रिफाइंड मेणात तेल साधारण अर्ध्या टक्क्याच्या खाली असतं. जुन्या रिफायनऱ्यांत हे तेल काढायची रीत अशी की मेणाच्या लाद्या हळूहळू तापवत न्यायच्या, तेल आपोआप पाझरून खाली गळायचं. आमचा पत्रा मोफत तेच करत होता. मी घरगुती परीक्षा लावली. मेणाची वडी, खाली टीपकागद, वर वजन आणि ४५ वर लावलेला ओव्हन. सकाळी कागदावर पारदर्शक कडं. मुंबईच्या लॅबने तेलाची टक्केवारी काढून दिली (थंडगार सॉल्व्हंटमध्ये मेण गोठवायचं आणि विरघळलेलं तेल मोजायचं, अशी ती पद्धत), आणि आमचं "फुल रिफाइंड" सेमी-रिफाइंड निघालं. ज्या व्यापाऱ्याकडून घेत होतो, त्याचा मुख्य धंदा मेणबत्तीवाल्यांशी. मेणबत्तीला एवढं तेल चालतं, म्हणून त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. त्याला कॉइल म्हणजे काय हेच माहीत नव्हतं.

मग नवे नमुने मागवले. आसामातल्या रिफायनऱ्यांचं खरोखरचं फुल रिफाइंड पॅराफिन, त्यात थोडं कार्नोबा घातलेलं मिश्रण, दोन प्रतींचं मायक्रोक्रिस्टलाइन (बारीक स्फटिकांचं) मेण, आणि मालकांच्या आग्रहाने मधमाशांचं मेण. इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप पॅराफिनमध्ये पाचवा हिस्सा मधमाशांचं मेण घालून बुडवतात, असं त्यांच्या मुलाने दाखवलं होतं. शिवाय मेळघाटातलं आग्या मोहोळाचं मेण मिळवून देणारा माणूस त्यांच्या ओळखीचा. "शुद्ध आहे, आपल्याकडचं आहे, त्यापेक्षा चांगलं काय असणार?"

शुद्धतेबद्दल शंका नव्हती. पण मधमाशांचं मेण म्हणजे नुसते हायड्रोकार्बन नाहीत. त्यात एस्टर असतात आणि मोकळी फॅटी ॲसिडही असतात. पाळीव युरोपीय माशीच्या मेणाची ॲसिड व्हॅल्यू (मोकळं ॲसिड किती ते सांगणारा आकडा) १७ ते २४, आग्या माशीच्या मेणाची त्याहून कमी, पण शून्य नाही. रिफाइंड पॅराफिनची जवळपास शून्य. मी तांब्याच्या पट्ट्या एमरी पेपरने चकचकीत घासल्या आणि एकेक पट्टी एकेका मेणात अर्धी बुडवून गरम ओव्हनमध्ये ठेवली. पॅराफिनमधली पट्टी थोडी काळवंडली. मधमाशांच्या मेणातल्या पट्टीभोवती पोपटी छटा उतरली, फॅटी ॲसिड आणि तांबं मिळून झालेला तांब्याचा साबणच तो. कॉइलच्या वायरवर इनॅमल असतं हे खरं, पण पिनेशी जिथे सोल्डर केलेलं असतं तिथे तांबं उघडंच असतं. पट्टी मालकांच्या टेबलावर ठेवली, जास्त बोलावं लागलं नाही. (राळ घातली तर मेण छान चिकटतं असा एक जुना नुस्खा आहे. राळेची ॲसिड व्हॅल्यू १६० च्या घरात. तो प्रयोग मी केलाच नाही.)

कार्नोबा म्हणजे ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचं मेण, ८२ ते ८६ ला वितळतं. ते थोडं घातलं की मिश्रणाचा ड्रॉप पॉइंट टुणकन वर जातो आणि सर्टिफिकेट एकदम देखणं होतं. पण डीप फ्रीझर आणि ओव्हन अशा फेऱ्या घातल्यावर त्या कॉइलवर केसासारखे तडे आले. लाल शाईच्या पाण्यात बुडवून पुसलं की रेघा उठून दिसत. नागपूरच्या हिवाळ्यात रात्री पारा १० च्या खाली जातो आणि दुपारी ऊन तापतंच, त्यामुळे ही परीक्षा काही कागदावरची नाही.

खरी गंमत मायक्रोक्रिस्टलाइनची. यातल्या साखळ्यांना फांद्या आणि कड्या असतात, त्यामुळे स्फटिक फार बारीक बनतात आणि ते तेलाला आत धरून ठेवतात; तेलाची टक्केवारी पॅराफिनपेक्षा जास्त असूनही टीपकागद कोरडा राहिला. ८० च्या पुढे ड्रॉप पॉइंट असलेल्या नमुन्याचं पेनिट्रेशन २५ अंशांवर २६ आलं. म्हणजे आमच्या जुन्या १४ च्या मेणापेक्षा बरंच मऊ! खरेदीच्या फॉर्मवर "पेनिट्रेशन कमाल १८" असा नियम कोणी तरी कधी काळी लिहून ठेवला होता. त्याप्रमाणे हे मेण दारातूनच परत गेलं असतं. ४५ ला मात्र चित्र उलटं झालं. पॅराफिन शंभरीपार, आणि हे त्याच्या निम्म्याच्याही खाली. २५ ला जे मेण हरलं, तेच उन्हाळ्यात उभं राहिलं. मी फॉर्मवरचा तो नियम खोडून ४५ अंशांचा आकडा घातला. पुरवठादाराच्या माणसाने फोनवर विचारलं, "मॅडम, ४५ ला कोण टेस्ट करतं?" मी त्याला मे महिन्यात नागपूरला यायचं आमंत्रण दिलं.

इथे काम संपलं असं मलाही वाटलं. नव्या मेणात बुडवलेल्या कॉइल ६५ च्या ओव्हनमध्ये टांगल्या, खाली टीपकागद. आठवडे गेले तरी वजन हललं नाही, ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) इन्सुलेशन जागेवर. पण मी शनिवारी संध्याकाळी चालू भांड्यातून सहज थोडं मेण काढून वडी पाडली, तर ती पिवळट आणि खवट वासाची. सोमवारी ओतलं तेव्हा पांढरं होतं. डब्यातलं मेण आणि भांड्यातलं मेण ही एकच वस्तू नाही, हे मला त्या वडीने दाखवलं.

मैत्रिणीने ॲसिड व्हॅल्यू काढून दिली: मेण गरम सॉल्व्हंटमध्ये विरघळवायचं, फिनॉल्फ्थॅलीन टाकायचं आणि गुलाबी रंग टिकेपर्यंत पोटॅशचे थेंब सोडायचे. ताज्या मेणाला एका थेंबात रंग आला. शनिवारच्या मेणाने बऱ्यापैकी पोटॅश प्यायलं. मेण हवेत तापत राहिलं की ऑक्सिजन साखळ्यांना पकडतो, आधी पेरॉक्साइड आणि मग ॲसिड तयार होतात. एकदा सुरुवात झाली की वेग वाढतच जातो. तांबं या क्रियेला घाई करतं, आणि आमच्या भांड्याच्या तळाशी तुटलेल्या वायरचे तुकडे, पिनांचा चुरा, सोल्डरिंगच्या फ्लक्सचा मळ असं सगळं साचलेलं. हीटर थेट तळाला. कंट्रोलरवर १२० दिसत होते, पण तो मधल्या मेणाचा आकडा. हीटरला चिकटलेला थर किती तापत असेल ते वर येणाऱ्या धुरावरून कळत होतं. यात आगीचाही प्रश्न आहे. पॅराफिनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते) २०० च्या आसपास, आणि पेटलेल्या मेणावर पाणी टाकलं तर भडका. भांड्याशेजारी ड्राय पावडरचं सिलिंडर आणि घट्ट झाकण मी त्याच आठवड्यात ठेवून घेतलं, मंजुरीची वाट न बघता.

भांडं बदललं. आता तेलाचं जॅकेट आहे, हीटर तेलात. आतलं भांडं स्टेनलेसचं. तळाशी जाळीची टोपली, रोज सकाळी उपसायची. वासूभाऊंना हे पटायला वेळ लागला. त्यांची सवय अशी की कॉइल थंडच टाकायची आणि आतून येणारे बुडबुडे थांबले की काढायची. बुडबुडे म्हणजे अडकलेली हवा आणि बॉबिनने ओढलेली ओल. ती मेणातच उकळून काढायची तर मेण खूप तापवावं लागतं. त्याऐवजी कॉइल आधी ओव्हनमध्ये ११० ला वाळवल्या, तर मेण १०० ते १०५ वर ठेवून भागतं आणि गरम कॉइलवर ते गोठतही नाही.

"बुडबुडे कमी निघून राहिले ताई," पहिल्या दिवशी ते तक्रारीच्या सुरात म्हणाले.

"ओव्हनमध्येच निघून गेले, भाऊ."

"मंग मले कसं कळन, झालं का नाही ते?"

प्रश्न रास्त होता. त्यांच्या डोळ्याला जो इशारा लागत होता तो मी काढून घेतला होता. शेवटी प्रत्येक बॅचमधली एक कॉइल करवतीने कापून, मेण मधल्या वेढ्यापर्यंत पोचलंय का ते बघायचं ठरलं. मायक्रोक्रिस्टलाइन पॅराफिनपेक्षा दाट असतं, बारीक वायरच्या कॉइलमध्ये ते अर्ध्यातच अडकत होतं. तेवढ्यासाठी हिंगण्यातल्याच एका फॅब्रिकेटरकडून झाकणाला व्हॅक्यूमचं कनेक्शन करून घेतलं. व्हॅक्यूम लावला की भांड्यात पुन्हा भरपूर बुडबुडे येतात. वासूभाऊ खूश.

मेण कधी फेकायचं हा वाद अजून मिटलेला नाही. मालकांच्या मते वरून ताजं घालत राहिलं की चालतं. पण जुनं ॲसिड त्यातच राहतं आणि ताज्या मेणात घातलेलं अँटिऑक्सिडंट तेवढ्यातच संपतं. सध्याचा करार असा: दर आठवड्याला वडी पाडायची, रंग ताज्या वडीशी ताडायचा, महिन्यातून एकदा ॲसिड व्हॅल्यू, आकडा ठरलेल्या रेषेवर गेला की सगळं भांडं रिकामं. काढलेलं मेण मेणबत्तीवाला घेऊन जातो.

या सगळ्यात जुन्या रेडिओंची आठवण अनेकांनी काढली, पूर्वीचं मेण कसं पन्नास वर्षं टिकायचं म्हणून. आयएफटीच्या (रेडिओतल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या) कोअरवरचा मेणाचा ठिपका टिकला आहे, मान्य. पण त्याच रेडिओंतले मेणात बुडवलेले कागदी कपॅसिटर आज जवळजवळ सगळे लीक असतात, म्हणजे त्यांतून करंट गळतो, दुरुस्ती करणारे ते न तपासताच बदलतात. आणि त्या काळी कपॅसिटरमध्ये वापरलं जाणारं एक मेण क्लोरिन घातलेल्या नॅफ्थलीनचं होतं. ते गरम करणाऱ्या कामगारांना त्वचेचे आणि लिव्हरचे आजार झाले. २०१५ मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत गेलं. जुना कपॅसिटर सोल्डरिंग गनने वितळवून बघू नका, एवढं मी सांगत असते.

नव्या मेणाची पहिली उन्हाळी खेप वाडीहून गेली तेव्हा खोक्यात लॉगर होता आणि खाली टीपकागदाच्या पट्ट्या. कागद कोरडे आले, लेबलं सरळ. मेणाचा किलोचा दर जुन्यापेक्षा बराच चढा, पण एका चोकला मेण लागतं ते ग्रॅमच्या आत-बाहेर. मालकांनी कॅल्क्युलेटरवर हिशोब केला आणि गप्प बसले.

त्यानंतर त्याच ग्राहकाची नवी मेल आली. मायक्रोक्रिस्टलाइन चिकट असतं, ते पिनांवर जास्त जाड बसतं. तिथे सोल्डर नीट पकडत नाही, आणि बोर्डवर पसरलेल्या मेणाच्या पापुद्र्यावर त्यांचं कन्फॉर्मल कोटिंग (बोर्डवरचं संरक्षक लेपन) ठरत नाही, थेंब थेंब होऊन सरकतं. आता आमच्याकडच्या शेवंताबाई कॉइल बुडवण्याआधी पिनांना सिलिकॉनच्या टोप्या घालतात. टोपी ओढली की मेणाची पापडी निघते. ती भांड्यात परत टाकायची नाही, अशी पाटी मी कालच लावली आहे.